खबर काही नाही

झांझिबार, ४ जानेवारी १९८७

हारिबदादांना नासोरचा सलाम.

बाबांना जाऊन आज चाळीस दिवस झाले. तुमचं दुखवट्याचं पत्र आईने मला तीनदा वाचायला लावलं आणि मग स्वतःच्या उशाखाली ठेवून दिलं. बाबांच्या पेटीत तुमची सगळी पत्रं सापडली. दर ईदला एक, एकतीस वर्षांची. वाचायला बसलो तर हसूच आलं. सगळ्यांत तेच: आम्ही खुशाल आहोत, खबर काही नाही. दादा, एकतीस वर्षांत एकही खबर नाही? तुमच्या मस्कतला माणसं जगतात तरी, की नुसती खुशाल असतात?

आता माझी खबर ऐका. मी येतोय. मार्चमध्ये बोटींच्या इंजिनांचं काम थंड असतं, तेव्हा दोन आठवडे मोकळे आहेत. तुम्ही बाबांच्या चुलतभावाचे चिरंजीव. बाबांच्या बाजूचं माझं म्हणावं असं दुसरं कुणी तिकडे नाही, म्हणून उतरणार तुमच्याकडेच. मत्रहची बाजारपेठ बघेन, बंदर बघेन, पण खरं म्हणजे मला बाबांच्या गावी, हुजैराला जायचंय. बाबा गावाबद्दल बोलायचे ते फक्त पाण्याबद्दल. कोणत्या पाटाचं पाणी गार, कोणत्या खजुरीखाली ते वळतं. तुम्ही परत का गेला नाहीत, असं विचारलं की म्हणायचे, "तिकडे उन्हाळा फार." जणू हुजैरात हिवाळा पडतच नाही!

मला सगळं नीट लिहून कळवा. कपडे कसे घालायचे, आधी सलाम कुणाला, काय खायचं, काय बोलायचं नाही. माझी अरबी मदरशातली आहे. आई म्हणते, मी अरबी बोलायला लागलो की दाढ दुखणारा माणूस बोलतोय असं वाटतं.

तुमचा धाकटा भाऊ,
नासोर बिन झाहिर


मत्रह, २७ जानेवारी १९८७

प्रिय नासोर,

अल्लाहच्या कृपेने इथे सगळे खुशाल आहेत. खबर काही नाही.

तू हसलास, हे समजलं. पण ही वाक्यं अशीच लिहितात. बोलतानाही तसंच. इथे कुणाच्या बैठकीत गेलास, की सलाम झाल्यावर घरधनी विचारेल, "खबर काय?" तेव्हा म्हणायचं, "खबर काही नाही, सगळं ठीक." मग तू त्यांना तेच विचारायचंस, तेही तेच म्हणतील. घरात मयत पडलेलं असलं तरी आधी हेच. खजूर खाऊन होतो, कहवा पिऊन होतो, मग खरं काय ते हळूच निघतं. हे तोंडपाठ कर. बाकी चुकलास तर लोक हसतील. इथे चुकू नकोस.

कपड्यांचं सांगतो. पांढरा पायघोळ झगा इथे शिवून घेऊ. टोपी मात्र तिकडचीच आण, झांझिबारच्या टोपीवरचं नक्षीकाम इथे कुणाला जमत नाही. बैठकीत शिरताना चपला बाहेर, आणि सलाम उजवीकडून सुरू करायचा, मध्ये कितीही मोठा माणूस बसलेला असला तरी. तळपाय कुणाकडे होऊ देऊ नकोस. कहव्याची वाटी उजव्या हातात. पुरे झालं की ती हलवायची, तोंडाने नको म्हणायचं नाही. नाहीतर तो ओततच राहील आणि तू पीतच राहशील. गोड हलवा खायचा तो तीन बोटांनी. एखादी वस्तू आवडली तर तिची फार स्तुती करू नकोस, ती तुझ्या मांडीवर आणून ठेवतील. कुणाच्या बायकोचं नाव विचारायचं नाही, "घरची मंडळी कशी आहेत" एवढंच. टॅक्सीत पुढे बसायचं, मागे बसलास तर चालकाला आपण नोकर झालो असं वाटतं. दुपारी एक ते चार गावभर फिरू नकोस, भेटणारही कुणी नाही. आणि ऊदाचा धूप फिरवायला आणला की दाढीला, झग्याला घ्यायचा आणि उठायचं. त्यानंतर बसून राहणं बरं दिसत नाही.

आता हुजैराचं. तिथे जायचं नाही.

हे तुला झाहिरकाकांनी सांगितलं असेल असं मी धरून चाललो होतो. तुझ्या पत्रावरून दिसतं की सांगितलं नाही. म्हणून मला लिहिणं भाग आहे. एकतीस वर्षांपूर्वी पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून तिथे भांडण झालं, आणि खलफान बिन अली नावाचा तरुण खंजिराच्या वाराने मेला. गावाने तुझ्या वडिलांचं नाव घेतलं. त्याच आठवड्यात ते सूरच्या बंदरातून गलबतात चढले. खलफानचे थोरले भाऊ शामिस अजून हयात आहेत. त्यांची मुलं आहेत, नातू आहेत. आता पोलीस आहेत, न्यायालय आहे, डांबरी रस्ता झालाय. पण एक घर अजून विसरलेलं नाही.

तेव्हा मत्रहमध्ये राहा, समुद्र बघ, आमच्याकडे जेव. तू कुणाचा, असं कुणी विचारलं तर "मुहन्नाच्या घरातला" म्हण. मुहन्ना माझे वडील, आणि तू आमच्या घरातलाच आहेस, त्यात खोटं काही नाही.

हारिब बिन मुहन्ना


झांझिबार, १८ फेब्रुवारी १९८७

हारिबदादा,

तुमचं पत्र स्वयंपाकघरात मोठ्याने वाचायला घेतलं होतं. हलव्याच्या तीन बोटांपर्यंत आई हसत होती. पुढचं मी मनात वाचलं, पण तिने माझा चेहरा बघितला आणि कागद हातातून ओढून घेतला.

मग ती म्हणाली, "तुझ्या बाबांना कोंबडी कापता येत नव्हती. अठ्ठावीस वर्षं या घरात कोंबडी मी कापली. ते बाहेर जाऊन उभे राहायचे." एवढं बोलून ती तांदूळ निवडायला बसली, ते दिवे लागेपर्यंत. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होती.

दादा, मी त्यांचा मुलगा आहे. त्यांनी मला एकदाही मारलं नाही. इंजिनाच्या पट्ट्यात माझं बोट सापडलं तेव्हा घेरी त्यांना आली. अशा माणसाने खंजीर उपसला, हे मी समुद्राच्या या बाजूला बसून गिळू शकत नाही. आणि दुसऱ्याच्या बापाचं नाव सांगून तुमच्या गावात हिंडायलाही मला जमणार नाही. बारा मार्चचं तिकीट काढलंय. हुजैराचं काय ते आल्यावर बोलू. रागावू नका. टोपी आणतो, दोन आणतो.

नासोर


तार
मत्रह, ५ मार्च १९८७

आत्ता येऊ नकोस. रय्यावहिनी आजारी. पुढच्या वर्षी बघू. हारिब.


मत्रह, मंगळवार, १७ मार्च १९८७

दादा,

तुम्ही बंदरावर कामाला गेलात आणि मी हे लिहून तुमच्या नमाजाच्या चटईच्या घडीत ठेवतोय, म्हणजे दुपारी नक्की सापडेल.

आधी एक सांगतो. तुमची तार मला निघण्याआधी मिळाली होती. रय्यावहिनींना मी उतरल्यापासून बघतोय, घागर काखेला मारून दोन जिने चढतात. मी विचारलं, तब्येत कशी आहे, तर म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?" तेव्हाच समजलो की दादा खोटं बोलले. तुम्ही खोटं बोलाल असं कधी वाटलं नव्हतं. मशिदीत बांग देणारा म्हातारासुद्धा तुमचं नाव घेताना आवाज खाली आणतो.

दुसरं म्हणजे, मी चुकलो. काल संध्याकाळी तुम्ही नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला गेलात आणि मी मासळीबाजारामागच्या बैठकीत बसलो होतो. सलाम उजवीकडून केला. तळपाय झाकले. सगळं बरोबर चाललं होतं. मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "खबर काय?" मला तुमचं वाक्य पाठ होतं, दादा, विमानात घोकत आलो होतो. पण त्याने असं बघितलं की वाटलं, याला खरंच माहीत करून घ्यायचंय. बाबा गेल्यापासून मला तसं कुणी विचारलंच नव्हतं. आणि मी सांगून बसलो, "खबर अशी, की माझे वडील झाहिर बिन सुलैयिम साडेतीन महिन्यांपूर्वी वारले, आणि मी त्यांचं हुजैरा बघायला आलोय."

कहवा ओतणाऱ्याचा हात तसाच वर राहिला. मग म्हातारा म्हणाला, "अल्लाह त्यांच्यावर दया करो," आणि उठून गेला. मी तुम्हाला सांगितलं नाही. लाज वाटली.

आज सकाळी एक पिकअप दारात आली. चालक म्हणाला, "शामिस बिन अलींनी सलाम सांगितलाय. झाहिरचा मुलगा इथवर आला आणि आमच्या घरी जेवल्याशिवाय गेला, असं नको व्हायला." मी विचारलं, "नाही आलो तर?" तो हसला. "मी चालक आहे. मला फक्त आणायला सांगितलंय."

मी जातोय. लपून बसलो तर बाबांवरचा आरोप मीच खरा केल्यासारखं होईल. वहिनींनी वाटेसाठी रोट्या दिल्यात. त्यांना वाटतं मी किल्ला बघायला चाललोय.

नासोर


मत्रह, १७ मार्च, दुपारी असरच्या नमाजानंतर

नासोर,

भाजीच्या गाडीचा चालक सुवैद हे पत्र घेऊन येतोय. तो रात्री तिथे पोचेल.

नीट वाच. त्यांच्या घरातलं काहीतरी पोटात गेल्याशिवाय कशालाही उत्तर देऊ नकोस. खजूर चालेल, दूध चालेल. वहिनीच्या रोट्या तिथे काढू नकोस, आपलं अन्न घेऊन आलेल्या माणसाला पाहुणा धरत नाहीत. शामिसकाका बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. त्यांच्या मुलांनी टोमणे मारले तर मारू दे. पाटावर एकटा जाऊ नकोस. वडिलांनी केलं असंही म्हणू नकोस, केलं नाही असंही म्हणू नकोस. म्हण, मला माहीत नाही. ते खरंच आहे, तुला माहीत नाही.

आणि उद्या सुवैदबरोबर परत ये. भाज्यांच्या टोपल्यांवर बसून यावं लागलं तरी ये. उद्याच ये.

हारिब


हुजैरा, बुधवार, १८ मार्च १९८७

हारिबदादा,

सुवैदने तुमचं पत्र दिलं तेव्हा जेवण होऊन गेलं होतं. मी काही चुकीचं केलं नाही, घाबरू नका. त्यांनीच आधी बोलू दिलं नाही. दारात उभा होतो तर शामिसकाका आतून म्हणाले, "उभ्याने बापाची आठवण काढू नये. आत ये, आधी जेव."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. मला जवळ बसवलं, दंड चाचपला, मनगट चाचपलं. म्हणाले, "आवाज झाहिरचा नाही. हाड त्याचंच." भात आणि बकऱ्याचं मटण होतं. चांगले तुकडे स्वतः तोडून माझ्यापुढे ढकलत होते. तीन मुलगे समोर बसले होते. तिघांच्या कमरेला खंजीर, जसे लग्नाला आलेत. एकही जण जेवला नाही.

हात धुवून झाल्यावर काका म्हणाले, "कुणाच्या घरी जेवलास, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"मग आलास कशाला?"

"बाबांनी काही सांगितलं नाही. म्हणून तुम्हाला विचारायला आलो."

त्यांनी ओले हात झग्याला पुसले. मग म्हणाले, "मीही एकतीस वर्षं विचारायचं ठेवलं होतं. ज्याला विचारायचं तो मेला, असं तू सांगतोस. आता मी कुणाला विचारू?"

थोरला मुलगा नभान मला पाहुण्यांच्या खोलीपर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "तुमच्या बेटावर पाहुणा किती दिवस राहतो?"

मी म्हटलं, "जेवण संपलं की घरी जातो. घरं लहान आहेत."

"इथे तीन दिवस. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तोवर तुझ्या केसाला धक्का लागला तर आमचं तोंड काळं होईल. शुक्रवारी जो या गावात असेल तो आमचा पाहुणा नाही."

"आणि मी आजच निघालो तर?"

"निघ की. अडवतंय कोण? तुझ्या बापाला रस्ता माहीत होता."

दादा, त्या एका वाक्यासाठी मी राहिलो. तुम्ही म्हणाल, मूर्ख आहे. असेन. सुवैद मला न घेताच परत निघालाय.

आज सकाळी पाट बघितला. पाळी मोजायचा खांब अजून आहे, त्याची सावली ज्या दगडांवर पडते ते दगडही आहेत. एकटा गेलो नव्हतो. दोन नातू मागून चालत होते, दहा पावलं अंतर ठेवून. मी थांबलो की थांबत होते. पाणी बाबा सांगायचे तसंच गार आहे.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर शामिसकाका सगळ्या गावापुढे मला उभं करणार आहेत. विचारणार आहेत, बापाचं कृत्य तुला मान्य आहे का. मी नभानला विचारलं, "मान्य म्हटलं तर काय?" तो म्हणाला, "ते अब्बा ठरवतील." "आणि नाही म्हटलं तर?" तो म्हणाला, "मग आमचा मेलेला माणूस खोटा." तेवढ्यात त्याची लहान मुलगी धावत आली आणि त्याने तिला खांद्यावर घेतलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

शामिसकाका एक गोष्ट बोलून गेले. त्या दिवशी पाटावर तुम्हीही होता. अठरा वर्षांचे होता. दादा, हे तुम्ही मला का लिहिलं नाहीत? तुम्ही काय बघितलंत? बाबांनी केलं की नाही, एवढं एक मला सांगा. जे असेल ते. मी ऐकेन आणि शुक्रवारी तेच बोलेन. माझं पुढे काय व्हायचं ते या एका उत्तरावर आहे, आणि ते उत्तर मला ठाऊक नाही.

नासोर


मत्रह, गुरुवार, १९ मार्च १९८७

प्रिय नासोर,

हे पत्र तुझ्यासाठी आहे आणि शामिस बिन अलींसाठीही. त्यांना ते वाचून दाखव. मोठ्याने वाच, मुलगे आणि नातू समोर असताना वाच, आणि कुठेही वाक्य गाळू नकोस.

झाहिर बिन सुलैयिम यांनी खलफानला मारलं नाही. मी मारलं.

त्या दिवशी पाळी खलफानची होती. खांबाची सावली तिसऱ्या दगडाला टेकली की पाणी आमचं व्हायचं. ती टेकली नव्हती. दोन बोटं बाकी होती. आमची रोपं वाळत होती, मी वाट बघितली नाही, पाटाची फळी उचलली. खलफान आला आणि म्हणाला, "तुझ्या बापाने तुला सावली बघायलाही शिकवलं नाही का?" माझे वडील त्या वर्षीच गेले होते. त्याला ते माहीत होतं की बोलण्याच्या ओघात बोलून गेला, हे मला आजवर कळलेलं नाही. त्याने फळी परत बसवायला पाठ वळवली. मी समोरून वार केला नाही. हेही वाच, नासोर. गाळू नकोस.

झाहिरकाका वरच्या बागेतून धावत आले. त्यांनीच त्याचं डोकं मांडीवर घेतलं. शेवटचा कलमा त्यांनीच त्याच्या कानात म्हटला. मग मला म्हणाले, "वर जा. हात धू. आईला तुझ्याशिवाय कुणी नाही, माझ्यामागे रडणारं अजून कुणी नाही. कुणी विचारलं तर म्हण, खबर काही नाही." लोक जमले तेव्हा त्यांच्या झग्यावर रक्त होतं आणि खंजीर त्यांच्या हातात होता. कुणी त्यांना विचारलंसुद्धा नाही.

मला वाटलं होतं, आई आहे तोवर गप्प राहू. आई नऊ वर्षांनी गेली. मग वाटलं, रय्याशी नुकतं लग्न झालंय. मग काही वाटेनासं झालं. मी नमाज चुकवत नाही. मशिदीत मात्र पहिल्या रांगेत कधी उभा राहत नाही, आणि लोक त्याला माझी नम्रता समजतात. तुझ्या वडिलांना दर ईदला पत्र लिहिलं. दर वेळी वाटायचं, या वेळी लिहू. दर वेळी पहिली ओळ लिहून झाली की तीच ओळ पुरेशी व्हायची. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. तुझ्या घरात कोंबडी कापली जायची तेव्हा ते बाहेर उभे राहायचे, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि का ते मला समजलं. त्या दिवशी मी खोटी तार केली.

तुला हुजैरात जाऊ नकोस म्हणालो ते तुझ्या काळजीनेच, असं मी स्वतःला सांगत होतो. काळजी होती. पण कुणाची, ते अल्लाह जाणतो.

आता शामिसकाकांना माझं एवढंच सांगणं. हा मुलगा तुमच्या घरी जेवलाय, आणि ज्याने तुमच्या भावाला कलमा ऐकवला त्याचा हा मुलगा आहे. त्याला शुक्रवारी कुणापुढे उभं करू नका. त्याच्याजवळ उत्तर नाही, कारण प्रश्न त्याचा नव्हता. सुवैदच्या गाडीत त्याला बसवून द्या.

मी आजच येऊ शकलो असतो. सुवैदची गाडी दारात उभी आहे, पुढची जागा रिकामी आहे. पण आज आलो तर नासोरबरोबर मलाही पाहुणा धरतील, आणि तुमच्या पाहुणचारामागे मला लपायचं नाही. शुक्रवारी जुम्म्याला येतो. नमाज गावाच्या मशिदीत पढेन, आणि मग जिथे बोलवाल तिथे येईन.

नासोर, तुझ्या आईला सांग, मी स्वतः लिहिणार होतो. ते जमलं नाही तर हेच पत्र तिला वाचून दाखव.

रय्या मघाशी येऊन विचारून गेली, किती दिवसांचे कपडे भरू. मी म्हटलं, अंगावरचे पुरेत. ती गेली नाही. रिकामी पिशवी हातात धरून दारातच उभी आहे. तिला यातलं काहीच माहीत नाही. पत्र आता मिटतो. आधी तिला सांगायला हवं.

हारिब बिन मुहन्ना